लिनक्स बसत नाही, तेव्हा नेमकं कुठे अडतं?



मागच्या व्याख्यानात आपण लिनक्स म्हणजे काय ते पाहिलं. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी छंद म्हणून सुरू केलेलं कर्नल आज फोनपासून महासंगणकापर्यंत कुठे कुठे पोचलं आहे, यावर बोललो. ते ऐकून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी प्रयत्न केला, आणि मग आमच्याकडे निरोप यायला लागले. निरोपांचा मजकूर जवळजवळ एकच होता : "लिनक्स टाकायला घेतलं, पण होत नाहीये."

आता, "होत नाहीये" या शब्दांवर आम्हाला काहीच मदत करता येत नाही. हे असं आहे, की नळाला पाणी येत नाही म्हणून आपण प्लंबरला बोलावलं. तो आल्या आल्या नळ बदलत नाही. आधी गच्चीवर जाऊन टाकी बघतो. टाकीत पाणी असेल तर व्हॉल्व बघतो, मग पाइप, आणि शेवटी नळ. पाणी कुठपर्यंत आलं आणि कुठे थांबलं, हे कळलं की अर्धं काम झालं. आज आपण तेच करणार आहोत. अडलेलं लिनक्स नेमकं कुठे अडलं, हे ओळखायला शिकणार आहोत.

पाच टप्पे

बटण दाबल्यापासून पडद्यावर नाव-पासवर्ड विचारेपर्यंत संगणक पाच टप्पे पार करतो.

पहिला टप्पा फर्मवेअरचा. म्हणजे मदरबोर्डवरच असलेली छोटी प्रणाली. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणायचे, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत यूईएफआय असतं. लोक अजूनही दोन्हीला बायोसच म्हणतात, चालतं. तिचं काम एवढंच, की कुठल्या डिस्कवरून सुरुवात करायची ते ठरवायचं.

दुसरा टप्पा बूटलोडरचा. लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा ग्रब असतो. "लिनक्स सुरू करू की विंडोज?" असा काळ्या पडद्यावरचा मेनू दिसतो ना, तोच.

तिसरा टप्पा कर्नलचा. कर्नल मेमरीत येतं आणि सोबत एक छोटी शिदोरी आणतं. तिला इनिट्रॅमएफएस म्हणतात. मुख्य डिस्क उघडण्यापुरते ड्रायव्हर तिच्यात बांधलेले असतात.

चौथ्या टप्प्यात मुख्य डिस्क जोडली जाते आणि नेटवर्क, ध्वनी, छपाई अशा एकेक सेवा सुरू होतात.

पाचवा टप्पा चित्राचा. ग्राफिक्स कार्ड कामाला लागतं आणि लॉगिनचा पडदा येतो.

आता लक्षणं या टप्प्यांवर बसवून पाहा. "बूट करण्यासारखी डिस्क सापडली नाही" असा संदेश आला, किंवा लिनक्स बसवूनही थेट विंडोजच उघडलं, तर अडचण पहिल्या टप्प्यात. "ग्रब रेस्क्यू" असं लिहून कर्सर लुकलुकत बसला, तर दुसऱ्या टप्प्यात. "कर्नल पॅनिक" दिसलं किंवा कंसात इनिट्रॅमएफएस लिहिलेली ओळ येऊन थांबली, तर तिसऱ्या. मेनू आला, अक्षरं सरसर गेली आणि मग पडदा काळा पडला, पण पंखा चालू आहे आणि कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतोय-विझतोय, तर यंत्र जिवंत आहे. अडचण बहुधा पाचव्या टप्प्यातली, म्हणजे चित्राची.

हा कॅप्स लॉकचा दिवा लक्षात ठेवा. नाडी बघण्यासारखी ही युक्ती आहे. काळा पडदा दिसला की नवखा माणूस "लॅपटॉप गेला" म्हणून घाबरतो. आधी नाडी बघायची.

ताईंचा लॅपटॉप

नुसते नियम सांगून भागत नाही, म्हणून आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. चुकांसकट.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यानंतर आमच्याकडे एक ताई आल्या. महिला बचत गटाच्या सचिव. लॅपटॉप २०१७ चा, इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम. यंत्र धडधाकट, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत त्याचा प्रोसेसर बसत नव्हता. नवा लॅपटॉप घ्यायचा तर गटाच्या पैशातून घ्यावा लागणार, आणि ते त्यांना नको होतं. त्यात गटाचे आठ वर्षांचे हिशेब होते. कुणाची बचत किती, कुणाचं कर्ज किती फिटलं, सगळं. पंधरा दिवसांनी बँकेत कागद द्यायचे होते.

ताईंनी एकच प्रश्न विचारला, "अहो, हिशेब तर जाणार नाहीत ना?"

आम्ही म्हणालो, "नाही हो, काळजी करू नका." हे किती उथळपणे म्हणालो, ते पुढे कळलं.

एक गोष्ट मात्र नीट केली. त्यांच्या सगळ्या फायली १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. ती डिस्क जोडलेलीच राहू दिली. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पेनड्राइव्ह : पहिलं अडखळणं

लिनक्सची आयएसओ फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली, लॅपटॉप सुरू केला. अर्धा मेनू दिसला आणि वाचता न आल्याची चूक दाखवून सगळं थांबलं.

इथे दोन शक्यता असतात. पहिली चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्या करतो. आयएसओ फाइल नेहमीच्या फाइलसारखी कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्हवर टाकतो. तसं चालत नाही. रूफस किंवा एचरसारख्या साधनाने ती "लिहावी" लागते. आणि लिहिताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी शक्यता म्हणजे फाइलच अर्धवट उतरलेली असते. आमचं तेच झालं होतं. नेट मध्येच तुटलं होतं आणि आम्ही तपासलं नव्हतं. तपासायची सोय असते. आयएसओ मिळते तिथेच शा-२५६ नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. आपल्या फाइलची खूण काढायची आणि ताडून पाहायची. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते. फाइलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी खूण पार बदलते. या कामाला दोन मिनिटं लागतात. आम्ही ती वाचवली आणि दीड तास घालवला.

काळा पडदा, पहिल्यांदा

फाइल पुन्हा उतरवली, या वेळी खूण जुळली. मेनू पूर्ण दिसला, लाइव्ह सत्र निवडलं. लाइव्ह म्हणजे काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघायचं. अक्षरं सरकली आणि पडदा काळा.

कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला. म्हणजे पाचवा टप्पा.

या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सशिवाय एक वेगळं ग्राफिक्स कार्डही होतं. अशा कार्डांचे उत्पादकांचे ड्रायव्हर लाइव्ह लिनक्समध्ये बरेचदा नसतात. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर काम चालवतो, पण प्रत्येक कार्डाशी त्याचं जमतंच असं नाही. कर्नल लवकरच पडद्याचा ताबा घेऊन त्याचा आकार-रंग ठरवायला जातं आणि तिथेच चित्र हरवतं.

उपाय साधा आहे. ग्रबच्या मेनूत हव्या त्या ओळीवर जाऊन कीबोर्डवरचं ई दाबायचं. काही ओळी उघडतात. त्यांतली "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची, तिच्या शेवटी एक जागा सोडून "नोमोडसेट" हा शब्द इंग्रजीत, सलग, सगळी लहान अक्षरं असा लिहायचा आणि एफ-१० दाबायचं. त्याचा अर्थ, "कर्नलबाबा, पडद्याशी खेळू नकोस, साधं चित्र दाखव." ही तात्पुरती मलमपट्टी आहे. चित्र थोडं ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. आणि हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडायची भीती नाही.

चित्र आलं. आम्ही खूश. इन्स्टॉलर उघडला.

नऊशे एकतीस

इन्स्टॉलरने विचारलं, कुठल्या डिस्कवर बसवू? यादीत एकच डिस्क होती. खाली पर्याय होता : डिस्क पूर्ण पुसून लिनक्स बसवा.

एकच डिस्क दिसतेय म्हणजे ती लॅपटॉपचीच, असं आम्ही धरून चाललो. फायली तर बाहेर काढून ठेवल्या होत्या, मग पुसायला हरकत काय? माउस त्या पर्यायावर गेलाही होता.

ताई शेजारी बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हे नऊशे एकतीस कसले? दुकानदार मला दोनशे छप्पन म्हणाला होता."

मंडळी, ९३१ म्हणजेच १ टीबी. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, काही प्रणाली १०२४ च्या पटीत मोजतात. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ दिसते आणि २५६ जीबीची २३८ दिसते. यादीत दिसत होती ती लॅपटॉपची डिस्क नव्हतीच. ती आम्ही जोडून ठेवलेली बाहेरची डिस्क होती, हिशेबांची एकुलती एक प्रत असलेली. लॅपटॉपची स्वतःची डिस्क यादीत नव्हतीच.

मूळ फायली लॅपटॉपमध्ये अजून होत्या, हे खरं. पण थोड्याच वेळात आम्ही त्या डिस्कलाही हात लावणार होतो. तेव्हा एकही प्रत उरली नसती.

त्या दिवसापासून आमचे तीन नियम झाले. एक, प्रत काढून झाली की बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवायची. दोन, प्रत एक पुरत नाही, दोन वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात, आणि दोन्ही उघडून बघायच्या. तीन, "पुसा" म्हणण्याआधी डिस्कचा आकार आणि नाव मोठ्याने वाचायचं. लाइव्ह सत्रात टर्मिनल उघडून एल-एस-बी-एल-के अशी पाच अक्षरं सलग टाइप केली, की जोडलेल्या सगळ्या डिस्क आकारासकट दिसतात. शेजारी कुणी बसलं असेल तर त्यालाही वाचायला लावा. ज्याला संगणकातलं काही कळत नाही, तो पडद्यावर जे आहे तेच वाचतो. आपण जे असेल असं वाटतं ते वाचतो.

लॅपटॉपची डिस्क गेली कुठे?

डिस्क शाबूत होती. विंडोज त्यावरूनच चालत होतं. मग लिनक्सला का दिसेना?

त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्कचा कारभार इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी नावाच्या व्यवस्थेकडे दिलेला असतो. फर्मवेअरमध्ये ही निवड कधी आरएसटी म्हणून, तर कधी रेड म्हणून दिसते. ही व्यवस्था चालू असली की एनव्हीएमई डिस्क तिच्या आड जाते आणि लिनक्सला थेट दिसत नाही. काही इन्स्टॉलर "आधी आरएसटी बंद करा" असं स्पष्ट सांगतात. आम्ही वापरला त्याने सांगितलं नाही.

उपाय म्हणजे फर्मवेअरमध्ये जाऊन ती निवड एएचसीआय अशी करायची. पण थांबा. ती थेट बदलली, तर विंडोज सुरूच होत नाही, निळा पडदा येतो. कारण सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर विंडोजने जुन्या निवडीप्रमाणे धरून ठेवलेला असतो. म्हणून क्रम असा :

आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडायचं, बूटच्या पानावर "सेफ बूट" वर खूण करायची. यंत्र पुन्हा सुरू करताना फर्मवेअरमध्ये जायचं आणि एएचसीआय निवडून जतन करायचं. विंडोज सेफ मोडमध्ये उघडतं आणि योग्य ड्रायव्हर स्वतः शोधतं. मग पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ती खूण काढायची आणि नेहमीसारखं सुरू करायचं.

यात तीन खड्डे आहेत. पहिला, सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड माहीत असू द्या. दुसरा, डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर फर्मवेअरमधल्या बदलानंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर डिस्क कुलूपबंद आणि किल्ली हरवलेली, अशी गत होते. तिसरा, यंत्रात ऑप्टेन मेमरी जोडलेली असेल, तर आधी ती इंटेलच्याच साधनातून रीतसर बंद करावी लागते.

विंडोजमध्ये गेलोच होतो, तर आणखी दोन कामं उरकली. "फास्ट स्टार्टअप" बंद केलं. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा झोपलेल्या विंडोजच्या फायलींत लिनक्सने बाहेरून काही लिहिलं तर गोंधळ होऊ शकतो, म्हणून लिनक्स तिथे लिहायला नकार देतं. दुसरं काम, लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करून घेतली. विंडोजचं घर विंडोजलाच आवरू द्यावं.

हो, "पूर्ण पुसा" हा विचार आम्ही सोडून दिला होता. नऊशे एकतीसनंतर धाडस उरलं नव्हतं. दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवायचं ठरलं.

बसलं, पण दिसेना

आता इन्स्टॉलरला २३८ ची डिस्क दिसली. दोन गोष्टी इथे जपायच्या असतात. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं असेल, तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू झालेला हवा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला, तर ज्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो निवडा. आणि डिस्कवर आधीपासून असलेलं छोटंसं ईएफआय पार्टिशन वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. विंडोजची सुरुवातही तिथूनच होते.

सगळं नीट पार पडलं. पेनड्राइव्ह काढला, यंत्र सुरू केलं, आणि थेट विंडोज उघडलं. जसं काही घडलंच नाही.

इथे बहुतेक लोक पुन्हा सगळं पहिल्यापासून बसवतात. आमच्यातलाही एक जण पेनड्राइव्ह उचलून तयार होता. पण टप्पे आठवा. विंडोज उघडलं म्हणजे ग्रबपर्यंत आपण पोचलोच नाही. अडचण पहिल्या टप्प्यात. फर्मवेअरमध्ये गेलो, तर यादीत विंडोज बूट मॅनेजर वर आणि लिनक्स खाली. क्रम बदलला, जतन केलं, ग्रब हजर. एक मिनिटाचं काम.

मग लिनक्स निवडलं आणि पुन्हा काळा पडदा. पण आता कुणी घाबरलं नाही. नोमोडसेट लिहिलं, आत गेलो, आणि या वेळी कायमचा इलाज केला. ग्राफिक्स कार्डाचा योग्य ड्रायव्हर बसवला. उबुंटूत यासाठी "अतिरिक्त ड्रायव्हर" आणि लिनक्स मिंटमध्ये "ड्रायव्हर मॅनेजर" असं साधन असतं.

त्यात एक पाचर असते. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. म्हणून बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो. त्यात "एनरोल मॉक" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. काय आलं ते न कळून आपण वाट बघत बसलो तर निघून जातो, ड्रायव्हर लागत नाही, आणि आपण म्हणतो, "सगळं केलं तरी होत नाही."

वायफाय आणि साडेपाच तास

ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, आणि वायफायच दिसत नव्हतं. वायफायच्या काही चिपांचं फर्मवेअर मुक्त नसतं, ते वेगळं उतरवावं लागतं. म्हणजे नेट मिळवायला नेट हवं. इथे आपला फोन कामी येतो. चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं नेटवर्क वाटतं आणि बहुतेक वेळा लगेच चालतं.

सगळं झाल्यावर ताईंनी विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे. हा बिघाड नाही. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपल्या देशाची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका तेवढाच. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा आहे, हे लक्षात आलं की कारण आपोआप कळतं. लक्षणातच निदान असतं, ते असं.

शेवटचा धक्का

ताईंनी लिनक्समध्ये लिब्रेऑफिसने हिशेबाची फाइल उघडली. आकडे जागच्या जागी. पण सभासदांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. ताईंचा चेहरा उतरला. "गेलं ना शेवटी?"

गेलं नव्हतं. जुन्या काळात मराठी मजकूर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. अशा फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. लिनक्समध्ये तो फॉन्ट नव्हता, म्हणून मुखवटा उतरला. विंडोज शेजारी होतंच. तिथे फाइल उघडून नावं नीट दिसतात हे आधी दाखवलं, मग परिवर्तकाच्या मदतीने नावं युनिकोडमध्ये आणली आणि एकेक नाव वहीशी ताडून पाहिलं. जोडाक्षरांत चुका झाल्या होत्या, त्या ताईंनीच पकडल्या. बँकेचे कागद वेळेत गेले.

आता त्या लिनक्समध्येच, कीबोर्डच्या यादीतला मराठी पर्याय निवडून नावं टाइप करतात.

प्रश्नोत्तरांतून

*सिक्युअर बूट सरळ बंदच करून टाकावं का?*

सुरुवातीलाच नको. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांसारखी मोठी वितरणं ते चालू असतानाही बसतात. अडलं आणि कारण तेच आहे असं दिसलं, तर बंद करून पाहा. बिटलॉकर असेल तर आधी ती ४८ आकडी की हाताशी ठेवा.

*मदत मागताना काय सांगावं?*

चार गोष्टी. यंत्राचं मॉडेल, कुठल्या टप्प्यावर थांबतं, पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे किंवा फोनने काढलेला फोटो, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. ही चौथी गोष्ट सांगता यावी म्हणून शेजारी वही ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच लिहा. तीन बदल एकदम केले आणि सुरू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही. बिघडलं तर त्याहून वाईट.

*आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे. मुलीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. करून बघू का?*

नको. लाइव्ह सत्रात चालवून बघा. डिस्कला हात लागत नाही, तोवर काही जात नाही. चित्र, आवाज, वायफाय, टचपॅड चालतंय का ते तपासा आणि वहीत लिहून ठेवा. बसवायचं काम परीक्षा झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी, सकाळी. रात्री अकराला सुरू केलेलं इन्स्टॉलेशन पहाटे तीनला "पुसा" वर येऊन थांबतं, आणि त्या वेळी ९३१ आणि २३८ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही.

*सगळं करूनही नाहीच झालं तर?*

तर वही घेऊन या. कुठपर्यंत पोचलात ते आपण मिळून बघू. पुढच्या वेळी आपण बसलेल्या लिनक्समध्ये फायली कुठे राहतात, त्यांची मालकी म्हणजे काय आणि "परवानगी नाही" असं ते का म्हणतं, यावर बोलणार आहोत. तोवर एवढं करा : आज घरी गेल्यावर तुमच्या फायलींची दुसरी प्रत काढा, आणि ती उघडते का ते बघा.